चाल कुणाची?

नाट्यसंगीताविषयी लिहायला बसणे हे चकलीविषयी लिहायला बसण्याइतकेच धोक्याचे आहे. प्रत्येक घरची भाजणी निराळी, आणि प्रत्येक घराला आपलीच भाजणी मूळची वाटते. माझी आई भाजणीत मूठभर साबुदाणा घालते. माझ्या बायकोच्या माहेरी हे नुसते ऐकून लोक कानांवर हात ठेवतात. पंधरा वर्षे दर दिवाळीला हा वाद आमच्याकडे होतो आणि दर दिवाळीला चकल्याही संपतात. तेव्हा 'मूळ' या शब्दाविषयी मी जरा जपूनच बोलणार आहे. पूर्वी मी इतका जपत नसे.

जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' हा चित्रपट लागला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९११ सालचे नाटक सुबोध भावे यांनी पडद्यावर आणले, धैर्यधराची भूमिकाही त्यांनीच केली, आणि संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीने दिले. राजवाडे, फौजा, झगमगते पोशाख, डोळे दिपवणारी दृश्ये; थोडक्यात, एका संगीत नाटकाची मोठ्या खर्चाची अद्भुतरम्य कहाणी झाली. गोष्ट पडद्यासाठी नव्याने रचली गेली आणि बरीच गाणीही नवी आली. जाहिरात पाहूनच माझे मत तयार झाले. सांगलीला मामांना फोन केला आणि म्हणालो, "मामा, आपल्या मानापमानाची वाट लावली हो या लोकांनी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामांनी विचारले, "बघितलास का?"

"नाही अजून."

"मग? न बघता ठरवायची तुझी खोड जुनीच आहे." आणि फोन ठेवला.

मामा फार मोजके बोलतात. त्या एका वाक्यात नऊ वर्षांचा हिशेब होता, तो मला ताबडतोब कळला. आणि वाचकांना तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. दोन-तीन कादंबऱ्या छापून आल्या, त्यांच्या जोरावर साताऱ्याच्या एका लहानशा खासगी शाळेने मला मुलांना वाचन आणि नाटक शिकवायला ठेवून घेतले. २०१५ च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट आला आणि एकाएकी पाचवी-सहावीची मुले मधल्या सुट्टीत ताना मारू लागली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ते नाटक १९६७ चे, जितेंद्र अभिषेकींच्या चालींचे. त्या मुलांच्या आईबापांनीही ते रंगभूमीवर पाहिले असण्याचा संभव कमी. मला वाटले, संधी आहे. स्नेहसंमेलनात आपण 'मानापमान' करू, पाऊण तासाचे. गाणी शिकवायला सांगलीहून मामांना बोलावले.

मामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी सांगलीतल्या हौशी मंडळींत त्यांनी धैर्यधर केला होता. गाणी त्यांना एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने शिकवली होती, ज्याची उमर नाटक कंपन्यांत गेली होती. मामा आपली पेटी घेऊन आले आणि सोळा दिवस आमच्याकडे राहिले. रोज शाळा सुटल्यावर मुले आमच्या ओसरीवर जमत. मामा ओरडत नसत. मूल चुकले की पेटीवरचा हात उचलत आणि थांबत. मग मुलाला आपोआप कळे. सोळा दिवसांत सात पदे बसली.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की कार्यक्रम लांबतो आहे, नाटक अर्ध्या तासात बसवा. मी शाळेतच बसून चार पदे काढून टाकली. उरलेल्या तिनांपैकी एकाची चाल मला संथ वाटत होती, सातवीतला एक मुलगा कीबोर्ड वाजवी, त्याला मी म्हणालो, "तो तयार ठेका असतो ना, तो लाव याला." मुले खूष झाली. घरी आलो तेव्हा मामा जेवून अंथरुणावर पडले होते, पण जागे होते. त्यांच्या खोलीचे दार माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी गेलो नाही. उद्या आपोआप कळेल, असे मनाशी म्हणालो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या रांगेत होते. तो ठेका सुरू झाला तेव्हा ते उठले नाहीत, रागावले नाहीत. पेटीवरचा हात उचलावा तसा त्यांनी मांडीवरचा हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. पडदा पडल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मामा सांगलीला गेले. आईला एवढेच म्हणाले, "पेटी राहू दे इथंच. मला आता उचलत नाही."

पुढची काही वर्षे मी या प्रसंगाची वकिली करीत होतो. वेळ कमी होता, मुले लहान होती, टाळ्या तर पडल्या. पण माझा खरा बचाव मला बऱ्याच उशिरा सापडला, आणि सापडला तेव्हा मी फार आनंदलो, हे कबूल करायला हवे. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आणि त्यांविषयी वाचताना माझ्या ध्यानात आले की 'मानापमाना'च्या मूळ चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आणि मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधर करताना आपल्या पदांच्या चाली बदलून घेतल्या, त्यांना आपला झेपावता, तडफदार ढंग दिला. मामा जे मूळ म्हणून जपत होते, ज्याच्यासाठी मुलांना थांबवत होते, तो धैर्यधर दीनानाथांचा होता. म्हणजे तोही फेरफारच!

मी मनातल्या मनात निर्दोष सुटलो. बदलालाच जर परंपरा म्हणायचे, तर माझ्या कीबोर्डने काय घोडे मारले?

आणि पुरावे हवे तितके होते, तेही आमच्या कृष्णाकाठचेच. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल घ्या. मोलियरचे फ्रेंच प्रहसन इंग्रजीवाटे त्यांच्याकडे आले, त्याचे त्यांनी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक केले आणि पुढे त्याच फाल्गुनरावाला गाणी देऊन 'संशयकल्लोळ' केले. खाडिलकर स्वतः सांगलीचे, १८७२ चा जन्म. महाभारतातला कीचक उचलून त्यांनी त्याला असा काही पोशाख चढवला की लोकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. पुढच्याच वर्षी 'मानापमान' आले. टेंब्यांनी तरी काय केले? किर्लोस्करी वळणाला सरावलेल्या कानांना त्यांनी पूरब बाजूच्या ठुमरी-कजरीची चटक लावली. हेच टेंबे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटात हरिश्चंद्र होऊन उभे राहिले आणि त्याचे संगीतही त्यांनीच दिले. ज्या माणसाने मानापमानाला सूर दिले तो स्वतः चालत पडद्यावर गेला. मग पडद्याने मानापमान नेले तर आपण कोण अडवणारे?

भपक्याविषयीही हेच. धनाच्या गर्वाला शौर्यापुढे वाकायला लावणारे हे नाटक, आणि त्यावर कोट्यवधी रुपयांचा मुलामा हा नाटकाचाच अपमान, असे मीही म्हणत होतो. पण मराठी नाटक जन्मले तेच थाटात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, राजाच्या पैशाने. त्यात आरडाओरडा करीत येणारे राक्षस होते, आणि ते पाहून मुले आईच्या पदराआड लपत असतील याविषयी मला शंका नाही. अद्भुतरम्य म्हणतात ते आणखी काय असते? बालगंधर्वांच्या मंडळीतले गालिचे, शालू आणि अत्तरे तर दंतकथा होऊन बसली. त्या थाटापायी मंडळी कर्जात बुडाली. गरीब धैर्यधराची थोरवी गायली जात होती ती उंची गालिच्यावर उभे राहूनच.

असा माझा खटला भक्कम होता. मामांच्या एका वाक्याने तो ढासळला. "न बघता ठरवायची तुझी खोड." त्यांनी माझ्यावर चाल बदलल्याचा आरोप केलाच नव्हता! नऊ वर्षे मी ज्या गुन्ह्याचा बचाव करीत होतो तो गुन्हा माझ्यावर कुणी लावलाच नव्हता.

मग मी नाटक पुन्हा वाचायला घेतले. भामिनी धैर्यधराचा अपमान करते तो कशासाठी? तो गरीब आहे म्हणून, असे आपण शाळेत सांगतो. पण नीट पाहा: तिने तो माणूस पारखलेलाच नसतो. गरीब आहे एवढे कळले आणि तिचे मत झाले. पुढे तीच वनमाला होऊन, साध्या वेषात त्याच्याजवळ जाते, त्याला पाहते, ऐकते, आणि तिचे मन पालटते. अपमानाचे मूळ गरिबीच्या तिरस्काराइतकेच न भेटण्यात आहे. दहा पावलांवर असलेल्या दाराशी न जाण्यात आहे.

या बाजूने पाहिले की दीनानाथ आणि मी एका रांगेत बसत नाही. दीनानाथ ती पदे रात्रीमागून रात्री धैर्यधर होऊन गात होते. पद त्यांच्या गळ्यात शिरले, तिथे कुठे तरी अडले, कुठे तरी मोकळे झाले, आणि त्यातून निराळी चाल आली. मी त्या पदाला भेटलोच नव्हतो. मी फक्त घड्याळाला भेटलो होतो.

कुणी म्हणेल, खाडिलकर गेले, टेंबे गेले. आता त्यांना भेटायचे कसे? मला वाटते, कृतीला भेटणे म्हणजे तिच्यापुढे इतका वेळ बसणे की तिने आपल्याला एखादी गोष्ट नाकारावी. माझ्या एका कादंबरीची कऱ्हाडच्या मुलांनी एकांकिका केली आणि शेवट बदलला. मी तावातावाने भांडायला गेलो. त्यांच्यातल्या दिग्दर्शक मुलीने माझे पुस्तक पुढे ठेवले. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि जो शेवट मी लिहिला होता त्याच्या विरुद्ध साक्ष देणारी माझीच सात वाक्ये तिने अधोरेखित केली होती. छापून झाल्यावर मी ते पुस्तक एकदाही वाचले नव्हते. भांडण तिथेच संपले.

आणि अगदी असेच, काहीही न बदलणारा माणूस भेटलेला असतोच असे नाही. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो. मी हाराला हात लावतो, विष्णुदास भाव्यांवर चार शब्द बोलतो आणि घरी येऊन मालिका पाहतो. मान देणे हीही न भेटण्याची एक सभ्य रीत आहे. गेल्या वीस वर्षांत मी किती संगीत नाटके तिकीट काढून पाहिली, हे सांगायला मला एका हाताची बोटे पुरतात, आणि तरीही जाहिरात पाहून 'वाट लावली' म्हणणारा मीच.

अमेरिकेत 'विकेड' या संगीत नाटकावरच्या चित्रपटाचा बराच बोलबाला झाला. त्याचा पहिला भाग २०२४ मध्ये आला. फ्रँक बाउमच्या १९०० सालच्या बालकथेत एक दुष्ट चेटकीण आहे. तिला मारायचे आणि घरी परतायचे, इतकेच तिचे काम. १९९५ मध्ये एका कादंबरीकाराला वाटले की ही बाई दुष्ट का, हे कुणी तिला विचारलेच नाही. त्याने विचारले. त्या कादंबरीचे २००३ मध्ये नाटक झाले आणि नाटकाचा चित्रपट. मूळ गोष्ट पार उलटी झाली. पण ती उलटी झाली ती कुणी तरी त्या चेटकिणीच्या दाराशी गेले म्हणून. असला फेरफार मला मूळ लेखकाच्या अपमानासारखा वाटत नाही. उशिरा झालेल्या भेटीसारखा वाटतो.

पैशाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. राजाच्या पैशाने नाटक करताना एका राजाला सांभाळले की भागत असे. कोट्यवधी रुपये ओतायचे म्हणजे सगळ्यांना सांभाळायचे: मुंबईच्या मुलाला, गावाकडच्या आजीला, परदेशातल्या कुटुंबाला. एवढ्या लोकांची गाठ घेता घेता नाटकाशी गाठ पडायला वेळ कमी उरतो. यात कुणाची नियत वाईट असते असे नाही. सांगलीतच दीनानाथांच्या बळवंत मंडळीने बोलपटात उडी घेतली, १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' काढले, आणि पुढे ती मंडळी सावरली नाही. त्यांना रंगभूमी ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? बालगंधर्वांनी १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त एकनाथ केला तेव्हा पडदा तोच होता, माणूस तोच होता, पण लोक ज्या बालगंधर्वांना ओळखत होते ते तिथे त्यांना सापडले नाहीत. पडदा ही निराळीच जागा आहे. तिथे जुन्या ओळखी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.

फेब्रुवारीच्या आत, चित्रपट उतरायच्या आधी, मी सांगलीला गेलो. आगगाडीने गेलो, कारण बरोबर पेटी होती. तिचा भाता फाटला होता, तो साताऱ्यात बदलून घेतला होता. मामांना घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. वीस-बावीस माणसे होती. मामांनी गुडघ्यावर मफलर घेतला आणि पडद्याकडे पाहत बसले. मी अर्धा वेळ पडद्याकडे आणि अर्धा वेळ त्यांच्याकडे पाहत होतो.

मला स्वतःला काय वाटले ते सांगतो. जाहिरातीवरून ठरवले होते तितके ते वाईट नव्हते. माझ्या डोळ्यांना महाल इतके झळझळीत दिसले की धैर्यधराची गरिबी त्या उजेडात हरवली. आणि गरिबी बोचली नाही तर अपमानही बोचत नाही. पण दिग्दर्शक या दुनियेत काल आलेला नाही, हे जाणवत राहते. बालगंधर्वांची भूमिका त्याने २०११ मध्ये पडद्यावर केली, 'कट्यार' त्यानेच दिग्दर्शित केला. नाट्यसंगीताच्या दाराशी तो बरीच वर्षे बसलेला माणूस आहे. काही ठिकाणी त्याची नाटकाशी भेट झाली आहे, काही ठिकाणी ती प्रेक्षकांच्या गर्दीत चुकली आहे. 'कट्यार'सारखी गर्दी या चित्रपटाने खेचली नाही, यावरून मी काही अनुमान काढणार नाही. गर्दी हाही घड्याळासारखाच पुरावा आहे.

मध्यंतरात मी विचारले, "कसं वाटतंय मामा?"

"या लाह्या फार खारट आहेत," मामा म्हणाले.

बाहेर पडल्यावर रिक्षात ते आपण होऊन बोलले. "धैर्यधर गरीब दिसायला हवा होता रे. पण गातात जीव लावून."

"आणि चाली?"

"वाईट नाहीत. ओळख नाही अजून, एवढंच."

मग मी जे नऊ वर्षे बोललो नव्हतो ते बोललो. "मामा, त्या संमेलनाच्या आदल्या रात्री मी तुमच्याकडे यायला हवं होतं."

मामांनी बाहेर पाहिले. "जरा अलीकडे सरक," ते म्हणाले, "तुझ्या बाजूला ऊन येतंय."

घरी आल्यावर त्यांनी पेटीवरचे फडके काढले, भाता दोनदा हलवून पाहिला. "हा कुणी बदलला? ताठ आहे अजून." मग बराच वेळ नुसते सूर धरून बसले. मला वाटले आता त्यांचे ते पद येणार, ओसरीवरचे, सोळा दिवसांचे. मी भिंतीला टेकून बसलो.

त्यांनी वाजवायला घेतले ते चित्रपटातले नवे गाणे होते. पहिली ओळ चाचपडत निघाली, दुसरी जरा बरी निघाली. तिसरीशी मामा अडले. पेटीवरचा हात उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"पुढं कसं होतं रे?"

मला आठवेना. त्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.